मामांचा कान आणि छबुबाईचं कपाळ

पुणे, शनिवार

तीर्थस्वरूप राधाकिशनमामांच्या चरणी भाची संस्कृतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढी गोड मानून घ्यावीत).

अंबाजोगाईत सगळं ठीक ना? सत्यशीलामामींचं पित्त शमलं असेल. तुमचं कानातलं यंत्र सापडलं का? नसेल तर शोधायची घाई करू नका, कारण माझा सिनेमा त्या हरवलेल्या यंत्रावरच उभा राहिला आहे.

मी फोनवर म्हणाले होते, सिनेमा काळा-पांढरा आहे, शिरूर कासारकडच्या आपल्या गावात करायचा आहे. तुम्ही ऐकलंत 'काळी-पांढरी', आणि मास्तरकीचं सगळं वजन टाकून गावात निरोप धाडलात की भाची आपल्या काळी-पांढरीवर सिनेमा काढते आहे. रानाला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, हे आमच्या कॅमेरामनला, आष्टीच्या माऊलीला, ठाऊक होतं, मलाच नव्हतं. आम्ही उतरलो तर वेशीत नारळ, ओटीचं तबक आणि निम्म्या गल्लीला ताजा चुना. मला हव्या होत्या पोपडे उडालेल्या उदास भिंती (उदासी वाढवायला पुण्याहून धुराचं यंत्रही नेलं होतं, शेळ्यांना ठसका लागला, म्हणून ते बंद केलं). पण गावच्या काळी-पांढरीच्या कामाला नाही कोण म्हणणार? त्यामुळेच तर छबुबाई कॅमेऱ्यापुढे उभी राहायला तयार झाली.

छबुबाई दरवर्षी नवऱ्याबरोबर, सटवाबरोबर, ऊसतोडीला जाते. यंदा गुडघ्याने दगा दिला म्हणून ती मागे राहिली आणि सटवा भावकीतल्या लोकांबरोबर गेला. लग्नापासून दोघांचा हा पहिलाच हंगाम वेगळा. रिकाम्या गावातलं तिचं एकटेपण, एवढाच माझा सिनेमा. ती नाही तर सिनेमा नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. आभाळ वादळी दिसावं म्हणून मी भिंगापुढे लाल काच लावायला सांगितली. त्या काचेतून निळं असेल ते काळं दिसतं आणि लाल असेल ते पांढरं. आभाळ असं काही उतरलं की मी माझीच पाठ थोपटली आणि हौसेने छबुबाईला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. तिने आभाळाकडे पाहिलंच नाही. बोटाने स्वतःचं कपाळ चाचपलं. कुंकू जागेवर होतं, पडद्यावर नव्हतं.

"माझा मालक कोयत्यावर हाय," ती म्हणाली, "अन् तुमी माझं कपाळ कावून पांढरं केलं?"

आणि शेळ्या घेऊन रानात निघून गेली. मी काचेचं शास्त्र सांगायला मागे धावणार, तेवढ्यात माऊली म्हणाला, "शास्त्र ऱ्हाऊ द्या ताई, आधी काच काढा." मी फुगून बसले, पण काच काढली.

दुसऱ्या दिवशी ती कपाळभर कुंकू लावून आली, ते पडद्यावर गडद उमटलं. "आता हाय," म्हणाली आणि कामाला लागली. आभाळ मात्र ताकासारखं पांढरं. मी हळहळत पाहिलं, तर खाली नांगरलेली काळी, वर पांढरं आभाळ आणि मधे कपाळावर ठिपका घेऊन छबुबाई. माझ्या वादळापेक्षा हे कितीतरी खरं होतं. सिनेमाचं नावही मग तुमचंच ठेवलं, 'काळी-पांढरी'. उद्या कुणी विचारलं, ही कल्पना सुचली कशी, तर मी गंभीर चेहरा करून 'अभ्यास' म्हणणार आहे. तुम्हाला मात्र खरं सांगते, तुमचा कान आणि तिचं कपाळ नसतं तर मी रिकाम्या हाताने परतले असते. मामा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. हे फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही काय ऐकलं असतं देव जाणे.

तुमची भाची,
संस्कृती

ता. क. धुराचं यंत्र गावात छबुबाईच्या शेजारच्या साखराबाईंकडे राहिलं आहे. त्या ते डासांवर वापरतात. परत मागू नका.

ता. क. पुन्हा एकदा. आता पत्राचं खरं कारण. सटवाने मुकादमाच्या फोनवरून निरोप दिला आहे, "सिनेमा ऱ्हाऊ द्या, तिचा एक फोटू धाडा. रंगीत." आमचा कॅमेरा रंग टिपतच नाही, आणि नजरेला सवय व्हावी म्हणून मी आमच्या सगळ्यांच्या मोबाइलचे कॅमेरेही काळ्या-पांढऱ्यावर ठेवायला लावले होते. छबुबाईचा फोन साधा, बटणांचा. इतकी चित्रं काढली, पण तिच्या कुंकवाचा लाल एकातही नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही गावात शूटिंग बघायला आलात, तेव्हा माझ्या हुकमातून सुटलेल्या तुमच्या मोबाइलवर तिचा एक फोटो काढला होतात, निम्म्यावर तुमचा अंगठा आलेला. कपाळ दिसतंय ना, तेवढं बघा, आणि अंगठ्यासकट पाठवा.