हळव्या भाताचं साल

आई, तुला अक्षर येत नव्हतं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलंच असतं तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि वाचणारा मधलं काहीतरी गाळतोय असं तुला पहिल्या ओळीपासून वाटलं असतं. मग दुसऱ्या कुणाला गाठून तू तेच पत्र पुन्हा वाचून घेतलं असतंस आणि दोन्ही मनात ताडून पाहिली असतीस. म्हणून तू होतीस तोवर मी तुला कधी लिहिलं नाही. लग्न होऊन आटगावला आले, यांची नोकरी रेल्वेच्या फाटकावर. आपल्या बाजूचं कुणी भेटलं की त्याच्याकडे तोंडी निरोप द्यायची. तेही तुला खरे वाटायचे की नाही कोण जाणे. आज मात्र लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात मी गावी जाऊन काकीला भेटून आले, आणि तेव्हापासून त्या एका सालाचं डोक्यातून जात नाही.

बाबा हिवतापाने गेले आणि वाटणी झाली. ओढ्याकाठचं खोलगट खाचर आपल्याला आलं, त्याच्या वरच्या अंगाची, तशीच खोलगट खाचरं काकाला. बैल काकाकडे राहिले. तेव्हा नांगरायला तोच यायचा, आणि नांगरामागून तू चालायचीस. लोकांना वाटायचं, ढेकळं फोडायला चालते. मला ठाऊक होतं, तू बांध बघत असायचीस. काकाने नांगर वळवला की तुझी नजर बांधावर, तो वीतभर इकडे सरकला की तिकडे. काका बाबांहून धाकटा, हसऱ्या तोंडाचा माणूस, आणि त्याच्या हसण्याचाच तुला सगळ्यात जास्त संशय. "एवढं गोड बोलतो म्हंजे काय तरी हाय पोटात," असं तू चुलीशी बसून मला सांगायचीस. बाई माणसाला शेती झेपत नाही असं एकदा ठरलं की ते खाचर आपोआप त्याच्याकडे जाणार, हे तुझ्या मनात पक्कं बसलं होतं. तशी रीतच होती, त्यामुळे तुझं चुकत होतं असंही नाही. पण त्यापायी एकदा काकीने दिलेली घारी तू माझ्या हातातून काढून घेतलीस, हुंगलीस, आणि कोंबड्यांपुढे टाकलीस. कोंबड्यांना काही झालं नाही. संध्याकाळी मी रडत तसं म्हटलं, तर तू म्हणालीस, "कोंबड्या काय पण पचवतात."

त्या साली रोहिण्यांच्या आधीच वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि छपराचं गवत उडालं. नेमकी बियाण्याची कणगी त्याच्याखाली. आठवडाभराने तू वरचं शेण काढून हात घातलास तर आत भाताला मोड आलेले. मला अजून दिसतं, तू त्या पांढऱ्या मोडांची मूठ नाकाशी धरून उभी आहेस. रोपं करायचा राब भाजून तयार होता. पालापाचोळा, शेण, गवत, सगळं जळून जमीन काळी पडलेली, आणि तिच्यावर टाकायला दाणा नाही. दोन दिवस तू कुणाला कळू दिलं नाहीस. मग गेलीस काकाच्या दारात. गरव्याचं बियाणं मागितलंस. त्याने काकीला हाक मारली आणि काकीने माळ्यावरून टोपलीभर आणून दिलं. तू दाणा चावून पाहिलास, तळहातावर चोळून पाहिलास. दाणा चांगला होता. आपल्याकडच्या हळव्याचा आणि गरव्याचा दाणा दिसायला सारखाच, तिथेच तुझी तपासणी संपली.

आता आमच्या इथल्या सुना बाजारातून तांदूळ आणतात, त्यांना हळवं काय नि गरवं काय सांगूनही कळत नाही. हळवं भात लवकर पिकतं, ते उताराच्या, पाणी न टिकणाऱ्या खाचरात पेरायचं. गरवं उशिरा, दिवाळीच्या सुमाराला. ते ओढ्याकाठच्या आपल्यासारख्या खोल खाचरात, जिथे पाणी शेवटपर्यंत उभं राहतं. गरव्याला हस्ताचा पाऊस लागतो. गावच्या तळच्या सगळ्या खाचरांत गरवंच असायचं. लावणी झाली, आवणाची रोपं चांगली धरली, आणि गणपतीच्या आसपास एका सकाळी तू खाचरावरून धावत घरी आलीस. तुला धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "निसवलं गो," म्हणालीस. "आपलं भात निसवलं." आजूबाजूला सगळीकडे अजून नुसती हिरवी पात, आणि मधे आपल्या एकट्या खाचरात लोंब्या बाहेर पडलेल्या.

तू तशीच काकाकडे गेलीस, मी मागोमाग. तो ओटीवर विळ्याला धार लावत होता.

"भावजी, हळवं दिलात तुमी मला."

"गरवंच दिलंय वयनी. मिसळलं असंल थोडं."

"थोडं? येऊन बघा. सगळंच निसवलंय."

तो आत वळून बघायला लागला. काकी दारात उभी होती, नवी नवरी म्हणावी अशीच अजून, पदर तोंडाशी धरलेला. काकाने तिला काही विचारलं नाही. पुन्हा विळ्याकडे वळला आणि म्हणाला, "झालं असंल माज्या हातून." तेवढ्याने तुझी खात्री झाली. परत येताना बांधावरून चालता चालता तू म्हणालीस की याला पीक बुडवायचंय, पाण्यात पिकलेलं भात कुजवायचंय, म्हणजे मी हात टेकून खाचर त्याच्या हवाली करीन.

मग ती राखण. ओढ्याकाठच्या सगळ्या शिवारात पिकलेला दाणा फक्त आपला, म्हणून जितकी पाखरं तितकी सगळी आपल्याच खाचरावर. पोपट तर थव्याने यायचे. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तू एका बांधावर गोफण घेऊन, मी दुसऱ्या बांधावर फुटका डबा वाजवत. माझी शाळा त्या दिवसांत सुटली ती सुटलीच. खाली पाणी, वर वाळत आलेल्या लोंब्या. येणारेजाणारे हसायचे, "काय गो, तळ्यात कापनी?" पाण्यात उभं राहून आपण दोघींनी कापलं, पेंढ्या डोक्यावरून आणून माळावर पसरल्या. तेवढ्यात काका न बोलावता आला आणि पेंढ्या उचलायला लागला. तू त्याला उचलू दिलंस, पण मला हळूच त्याच्या मागे पाठवलंस, पेंढी वाटेत कुठे टाकतो की काय ते बघायला. त्याने कुठेच टाकली नाही.

आणि पाऊस थांबला. हस्त कोरडा गेला. चित्राही कोरडी. आकाश असं स्वच्छ की बघवत नव्हतं. ओढ्याचं पाणी खाली गेलं, खाचरांना भेगा पडल्या, आणि गरवं भात पोटरीतच अडकलं. कुठे लोंबी बाहेर आली तर दाबून बघावी, आत दूध नाही, नुसती पोचट. मागाहून ओल धरून होणारे वालसुद्धा त्या साली धड उगवले नाहीत. उतारावरचं हळवं प्रत्येकाचं थोडकंच, त्यामुळे अख्ख्या पाड्यात घरात पुरेसा दाणा होता तो आपल्याच. कालपर्यंत हसत होते ते आता वेगळ्याच नजरेने बघायला लागले. हिला कसं कळलं? हिनेच मागून घेतलं असणार हळवं. कुणी म्हणालं, डोंगरापलीकडच्या देवऋष्याकडे गेली होती. पाणवठ्यावर बायका तू आलीस की गप्प व्हायच्या. तुला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट सगळे असेच असतात हे एकदाचं ठरल्यासारखी तू शांत होतीस.

काका खळ्यावर आला तो दिवस मला शब्दान् शब्द आठवतो. तू पाखडत होतीस. तो कडेला बसला.

तू सूप न थांबवता विचारलंस, "खरं सांगा भावजी. मुद्दाम दिलं व्हतं का?"

"कशासाठी मुद्दाम?"

"ते तुमाला ठाव."

तो बराच वेळ पेंढ्याची काडी मोडत बसला. मग म्हणाला, "पाऊस जानार हे मला ठाव असतं वयनी, तर ते हळवं मीच नसतं पेरलं? माज्या घरात आता काय हाय ते येऊन बघा."

तू बघायला गेली नाहीस. पण त्या दिवसापासून त्याच्या घरी तांदूळ जायला लागला. मीच नेऊन द्यायची. एकदा मी विचारलं, भातच का देत नाहीस, काकी कांडून घेईल. तू म्हणालीस, "कांडलेला तांदूळ खाता येतो, पेरता येत नाय." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यांना उपाशी ठेवायचं नव्हतं तुला. पण पुढच्या सालचं पीक आपल्या दाण्यावर त्यांनी उभं करावं, हेही तुला नको होतं.

वैशाखात तो बियाणं मागायला आलाच. त्याच्याकडे पोचट सोडून काही नव्हतं. पडवीत त्या दिवशी दोन टोपल्या होत्या. एकीत बियाण्याचं भात. दुसरीत उकडलेलं, तुझ्या भिवंडीकडच्या माहेरच्या रीतीने उकड्या तांदळासाठी भिजवून, उकडून, वाळवून ठेवलेलं. उकडलेला दाणा कधी उगवत नाही, हे आपल्यात लहान पोरालाही ठाऊक. तू टोपली उचललीस आणि काकाच्या पुढे ठेवलीस. मी जात्यापाशी होते. माझे हात थांबले. काकाने एक दाणा उचलला, चावला, आणि चावता चावता थांबला.

"वयनी, बियाणंच हाय ना?"

"बियाणंच."

त्याने टोपली डोक्यावर घेतली आणि गेला.

त्यानंतर मी रोज काहीतरी निमित्त काढून त्याच्या राबाकडे जायची. पाऊस पडला, पेरणी झाली, आणि इतरांहून थोडा उशिरा का होईना, त्याचा राब हिरवागार उगवला. मला इतकं बरं वाटलं की मी वाटेतच बसले. म्हणजे मला टोपलीच नीट दिसली नव्हती. म्हणजे माझी आई तशी नव्हती. तूही एकदा आलीस त्या राबापाशी. वाकून एक रोप उपटलंस, मूळ बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिलीस, आणि पुन्हा चिखलात खोचलंस. मला वाटलं, रोप चांगलं आहे का ते बघतेस. त्या सालापासून तू त्याच्या नांगरामागे चालणं सोडलंस. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. मोठ्या लढाईच्या दिवसांत काका तापाने गेला तेव्हा तू त्याच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिलीस, आत गेली नाहीस, पाणीही घेतलं नाहीस. पुढे दोन पावसाळ्यांनी तू गेलीस.

काकी अजून आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, बाकी खणखणीत. गेल्या महिन्यात मुरबाडहून गाडी पकडून गेले तर तिने आवाजावरून ओळखलं. इकडचं तिकडचं झालं, आणि मधेच, भाजी निवडता निवडता, जसं काही काल घडलेलं सांगावं तशी म्हणाली, "तुज्या आयेनं उकडलेलं भात दिलं व्हतं गो आमाला. बियाणं म्हणून."

मीही एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"यांना दाराशीच कळलं. घरी आले नि मला म्हनाले, हे शिजव. मी म्हटलं, नि पेरायचं काय? तर तसेच उठून चालत शहापूरला गेले, माज्या भावाकडं. तिकडून आनलं बियाणं. मला म्हनाले, कुनाजवळ बोलायचं नाय. वयनीला मी आदी फसवलंय असं तिला वाटतंय, आता फिटलं."

"फसवलं होतं का?" मी विचारलं.

"नाय गो. ते हळवं मीच काढून दिलं व्हतं. माळ्यावर दोन कनग्या, मी नवी, अंधार व्हता, चुकून दुसरीत हात घातला. तुजी आय बोलायला आली तवा यांनी लगेच वळखलं. पन बायकोचं नाव सांगितलं नाय त्यांनी, स्वताच्या अंगावर घेतलं. मी पन नाय सांगितलं. तुज्या आयेचं भ्याव वाटायचं."

आई, तीस-चाळीस वर्षं तू ज्याच्या हसण्याखाली काहीतरी शोधत होतीस, असं मी म्हणणार होते. पण तेवढी वर्षं तुला मिळालीच नाहीत. तेवढी वर्षं शोधलं ते मी. तुझ्यानंतरही कुणी गोड बोललं की मी त्याच्या हातांकडे बघते. काकीचं ऐकतानाही बघत होते. ती भाजी निवडत होती, बोटं थांबली नाहीत. नव्या नवरीला, घरातल्या कणग्या रोज झाडणारीला, हळव्याची कुठली आणि गरव्याची कुठली हे कळत नव्हतं? की थोरल्या जावेचं खाचर आपल्याकडे यावं असं त्या घरात नवऱ्याहून बायकोला जास्त वाटत होतं? मी विचारलं नाही. तिचं वय बघून नव्हे. तिने मला पुढे जे विचारायला नको होतं, ते विचारू नये म्हणून.

पण तिने विचारलंच. "तुज्या आयेनं ते मुद्दाम दिलं का गो? तू व्हतीस ना घरात."

हे पत्र कुठेच जाणार नाही. घरात ठेवलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून चुलीत घालीन. तेव्हा तुला सांगायला हरकत नाही मी काय म्हणाले ते. "नाय काकी," मी म्हणाले, "चुकून. पडवीत अंधार होता." तिने मान वर करून अधू डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग "असंल" म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

अंधार नव्हता, आई. भर दुपार होती.