तात्यांचे पान

१८ फेब्रु. १९५१, वसई
सकाळी वामनची शालू दारात. हातात सुकेळ्यांची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, पुडी. तात्या गेल्यापासून धाकट्या भावाच्या घरचे कोणी हा उंबरा ओलांडलेले नाही. "बाबांनी दिलीत. ते मागून येणार आहेत." पुडी सौ.ने घेतली.

नोंद असावी: थोरला मुलगा मी. तात्यांना अग्नी देण्याचा अधिकार माझा. मुंबईहून मी पोहोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. वामन थांबला नव्हता. तेव्हापासून तिथी एक, श्राद्धे दोन.

२० फेब्रु.
राजेळी केळ्यांचा घड. पुन्हा शालू, पुन्हा तेच वाक्य. सांडोर गावचा ख्रिस्ती भाजीवाला पास्कू टोपली उतरवत होता, हसू लागला. "भाऊ, आमच्या शास्त्रात असाच धाकटा आहे. थोरल्याला फसवून बापाचा आशीर्वाद घेतला नि पळाला. परत येताना पुढं कळपामागं कळप धाडले, आपन मागं! तुमच्याकडं केळी आली हे नशीब. बकऱ्या आल्या असत्या तर वहिनींनी तुम्हालाच गोठ्यात बांधलं असतं."
सौ. पदराआड हसली. मला हसू आले नाही.

२१ फेब्रु.
मिशन शाळेत बक्षीस मिळालेले इब्री शास्त्राचे, म्हणजे बायबलाच्या जुन्या भागाचे, मराठी भाषांतर पेटीतून काढले. कथा दोनदा वाचली. थोरला प्रथम म्हणतो, ठार मारीन. पुढे धाकटा वाकत वाकत येतो आणि हा धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. दोघे रडतात. का धावला? कारण दिलेले नाही. थोरल्याची मधली वर्षे कोरी. आयुष्यभर कारणाशिवाय मी एकही गोष्ट मान्य केली नाही. ही मात्र वाचताना अंगावर काटा आला. इतके मोठे काम, आणि त्याला एक वाक्य पुरले.

२३ फेब्रु.
आज केळीची पाने. शालूने या वेळी निरोप पाठ करून आणला होता. "बाबांनी विचारलंय, आजोबांचं पान यंदा एकच वाढायचं का? पुढं तुम्ही बसायचं. ते मागं बसतील."
पुढे मी. म्हणजे त्या दिवशी घेतलेले तो परत देतो आहे.
सौ. म्हणाली, "बोला काहीतरी. पोर उन्हात उभी आहे."
"ये म्हणावं."
आवाज माझाच होता, असे वाटले नाही.

२५ फेब्रु.
पुढे वाचायला नको होते. मिठीनंतर धाकटा म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. आणि दुसऱ्याच वाटेने जातो. पुन्हा दोघे एकत्र दिसतात ते वडिलांना मूठमाती देताना. पास्कूला विचारले, हे कसे? टोपली डोक्यावर चढवत म्हणाला, "मिठी मारली ना, भाऊ? मग घर कुठं बांधलं ते कशाला?"
वामन येईल? आला तर टिकेल?

२६ फेब्रु.
तिथी. सोवळे नेसून बसलो आहे. भटजी यायचे आहेत. पान एक, पाट दोन, मागचा सौ.ने मांडला, मी थोडा पुढे ओढला.
सौ.ची हाक: "अहो, वामनभावजी कुंपणापाशी उभे आहेत. आत या म्हटलं तर नुसती मान खाली."
अंगण बरेच मोठे आहे. या वयात, सोवळ्यात, शेजाऱ्यांच्या देखत धावणे शोभत नाही, हे मला पूर्ण —