बिट्टीच्या फोटोखालची ओळ

३ ऑगस्ट

ती. दाजींस,

शि. सा. न. वि. वि. हा नमस्कार ताईकडे पाहून करतो आहे. मनातून निघालेला नाही, हे आधीच सांगतो.

ताई आमच्याकडे येऊन आठवडा झाला. घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं काढून तिने पुन्हा घट्ट लावली, आता माझ्या बायकोचे पडदे तिच्या तावडीत सापडले आहेत. का निघून आलीस म्हणून विचारलं, तर त्यांनाच विचार म्हणते.

विचारायची गरज नाही, मी तिथे होतो. बिट्टीसाठी प्रार्थना ठेवली होती ना तुम्ही? की हसवणुकीचा कार्यक्रम? पोटची मुलगी तापाने जाऊन महिना झाला नव्हता, आणि तुम्ही उभं राहून तिच्या गमती सांगत होतात. माझे साहेब शेजारी बसले होते. रुमाल तोंडात कोंबून हसत होते ते. मला जमीन दुभंगावी असं झालं.

ताईची माफी मागायला या. नाहीतर ती इथेच राहील. खोली आहे, कॉट आहे, बहीण मला जड नाही.

घरच्यांचा नमस्कार कळवायचा असतो म्हणून कळवतो.

तुमचा मेहुणा

---

८ ऑगस्ट

चि. मेहुण्यास,

अ. उ. आ. तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे, बाकी काही सुधारलेलं नाही.

हो, हसवलं. सहा वर्षांची असताना तिने गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले होते. का, तर काकांना खालून गार वारा लागू नये! ही गोष्ट रडून कशी सांगायची ते तू येऊन शिकव. माझी मुलगी मी देवाच्या हवाली केली आहे, आणि करताना त्याला बजावलं आहे की बाबा रे, हिच्यापासून कात्री लांब ठेव, तुझ्या झग्याच्या बाह्या आखूड करून देईल. त्याला राग आला असेल तर तो आणि मी पाहून घेऊ. मध्ये तुझं काय काम?

तुझ्या माहितीसाठी, मी नुसता हसवत बसलेलो नाही. बिट्टीचा फोटो दुकानात, कापड बेतायच्या टेबलामागच्या भिंतीवर लावला आहे. खाली पितळी पट्टी कोरून घेतली: ‘देवाचे नाव घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी.’ कात्री उचलली की पोरीचे ओठ हलायचे. शेकडो गिऱ्हाइकांना मी ते कौतुकाने दाखवलं आहे. एवढी भाविक मुलगी तुमच्या अख्ख्या घराण्यात झाली नाही.

बहिणीला पाठवून दे. काज-बटणाचं काम तुंबलं आहे. माफी मिळणार नाही.

तुझ्या लोभाशिवाय आजवर चाललं आहे, पुढेही चालेल.

दाजी

---

१३ ऑगस्ट

यांस,

कृ. सा. न. वि. वि. तुमचं पत्र भावाने मोठ्याने वाचून दाखवलं. काज-बटणासाठी आठवण काढलीत, धन्य झाले.

तुम्ही हसवलंत म्हणून मी आले नाही. पँटच्या गोष्टीला पदराआड मीही हसले. मी आले त्या पट्टीमुळे.

ऐका आता. बिट्टी देवाचं नाव घेत नव्हती. कधीच नाही. ती गिऱ्हाइकाचं माप घोकायची आणि शेवटी आपल्या पदरचं एक जोडायची. वकीलसाहेब म्हणजे छाती अडतीस, पोट चव्वेचाळीस, अक्कल शोधावी लागेल. शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे खांदा चौदा, बाही एकवीस, तोंड फुल साइज. तुम्ही कौतुकाने गिऱ्हाइकाला सांगायचात, पाहा, पोरगी नाव घेते आहे. ती मान आणखी खाली घालायची. मी दातांत दोरा धरून हसू दाबायची. हुशार, तिखट, कुणालाही न सोडणारी मुलगी होती ती.

सोळाव्या वर्षी तिने मला सांगितलं होतं, आई, माझा नाही विश्वास. बाबांना सांगू नकोस, त्यांचा चेहरा पडेल. मी नाही सांगितलं. पण आता ती गेल्यावर तुम्ही तिला हात जोडायला लावलेत. त्या पट्टीवरची मुलगी मी जन्माला घातलेली नाही. परक्या पोरीच्या फोटोखाली बसून मी बटणं लावणार नाही.

पट्टी राहील किंवा मी.

जेवत असाल अशी आशा आहे. नसाल तर तो तुमचा प्रश्न.

बिट्टीची आई

---

२१ ऑगस्ट

सौ. हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून फाडलं, मग जोडून पुन्हा वाचलं.

खोटं लिहिलंस, असं आधी वाटलं. मग राग आला. इतकी वर्षं दोघी माझ्या पाठीमागे हसत होतात, आणि मी वेड्यासारखा गावभर कौतुक सांगत होतो. माझा चेहरा पडेल म्हणे! चेहरा माझा होता, पाडायचा की नाही ते मी ठरवलं असतं. तुला हे मी सहज सोडणार नाही.

दुकान दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोटाचं कापड घेऊन आले. कापड पसरलं, कात्री उचलली, देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं पोट चव्वेचाळीस, अक्कल शोधावी लागेल. ते समोर उभे. मला असं हसू फुटलं की टेबलाला धरून खाली बसलो. ते कापड गुंडाळून चालते झाले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुझ्या लेकीने पिटाळलं.

मग तिथेच बसून देवाशी भांडलो. म्हटलं, तिने तुझं नाव घेतलं नाही म्हणून तिला दाराबाहेर उभी केली असशील, तर आजपासून माझंही घेणं बंद. पण तिला आत घेतल्याशिवाय त्याला राहवलं नसेल. त्यालाही करमणूक हवीच.

पट्टी काढली आहे. भिंतीला चार भोकं राहिली आहेत. तू सांगितलंस म्हणून नव्हे, ओळ चुकीची होती म्हणून काढली.

एक विचारतो. माझा करडा कोट तिनेच कापला होता. तेव्हाही ओठ हलले होते, आणि मी समोर उभा राहून डोळे मिटले होते. तेव्हा ती काय म्हणाली? गोड करून लिहू नकोस.

तब्येतीला जप. भांडायला माणूस धड लागतं.

तुझा टेलरमास्तर

---

२६ ऑगस्ट

यांस,

कृ. सा. न. वि. वि.

ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. पाठवायची पत्रंही आधी भाऊ वाचतो, आणि त्याला इतका आनंद मी देणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. घ्यायला येऊ नका, रस्त्यात भांडण नको. दुकान उघडं ठेवा. तो कोट घालून टेबलापाशी उभे राहा. नुसतं ऐकून तुम्हाला पटणार नाही. छातीला काय म्हणाली, खांद्याला काय म्हणाली आणि शेवटी काय जोडलं, ते जागच्या जागी बोट ठेवून सांगेन. राग येईल तुम्हाला. पण या वेळी डोळे उघडे ठेवा.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तुमच्याकडून असावा. माझ्याकडचं अजून ठरलेलं नाही.

बिट्टीची आई