‘पित्या’ काढल्यावर

रविवार, १ सप्टेंबर
प्रार्थनेतला ‘पित्या’ गेला. चर्चच्या उपासना समितीत सात विरुद्ध दोन मतांनी. पाळकबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं आपण सगळ्यांना ‘बंधूंनो’ म्हणतोय आणि अर्धी मंडळी मुकाट ऐकतेय. निदान देवाला हाक मारताना तरी...” सुतारकाका विरोधात. “‘देवा’ म्हटलं तरी पुरुषच की. पळून पळून जाणार कुठे?” सगळे हसले. नवी प्रार्थना लिहायचं काम माझ्या गळ्यात. छापखान्यात मुद्रितं तपासते ना, म्हणजे काना-मात्रा माझ्या घरच्या!

मंगळवार, ३ सप्टेंबर
जमलं. ‘आम्हाला सांभाळणाऱ्या’. बाईलाही चालेल, बाप्यालाही. ‘तू देतोस’च्या जागी ‘तुझ्याकडून मिळतं’. पाळकबाईंना फोनवर वाचून दाखवलं. “अगं, किती सोपं केलंस!” आईला वाचून दाखवलं. वाटलं, भांडेल. “मला चालेल,” म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

रविवार, ८ सप्टेंबर
भलतंच झालं. नीट लिहून काढते.
मंडळी उभी राहिली. माझेच शब्द, दीडशे तोंडांतून. डोळे मिटले — आणि समोर कुणीच नाही. एरवी असतं. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, जरा वाकून ऐकणारा चेहरा. फोटोतल्या बाबांचा. आज नव्हता, तेव्हा कळलं की रोज असायचा. मी चार वर्षांची असताना बाबा वारले. त्याच सुमाराला संडे स्कूलमध्ये ‘स्वर्गातल्या पित्या’ म्हणायला शिकवलं. मी आपला सरळ अर्थ घेतला. चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी तोच! म्हणजे देवाला मी कधी हाक मारलीच नव्हती.
पुढचा बाक चाचपला. सुतारकाकांनी दंड धरून बसवलं. “पोरी, काय होतंय?” “चक्कर आली,” म्हटलं.

सोमवार, ९ सप्टेंबर
कामावर एका पानात तीन चुका सुटल्या. प्रार्थना केली नाही. करायची कुणाला?

गुरुवार, १२ सप्टेंबर
आज आईला सांगितलं. वाटलं, रडेल, जवळ घेईल. ती मटार सोलत होती. हात थांबला. मग म्हणाली, “ते वारले नाहीत. सोडून गेले. दुसरा संसार आहे त्यांचा. तू विचारलंस, बाबा कुठे? माझ्या तोंडून निघालं, देवाघरी. मग शब्द मागे घेता आला नाही.”
जिवंत माणसाला चाळीस वर्षं मी स्वर्गात बसवून ठेवलं होतं.
“मी रोज हात जोडायचे, ते तुला दिसत नव्हतं?”
“दिसायचं. वाटायचं, हिला चांगला बाप मिळालाय. मी कशाला काढून घेऊ?”
तिच्यावर ओरडायचं होतं. मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. दोघींनी मिळून मटार संपवले.

रविवार, १५ सप्टेंबर
शेवटच्या बाकावर बसले. मंडळीने प्रार्थना सुरू केली की उठून जायचं, परत यायचं नाही — घरूनच ठरवून निघाले होते. डोळे मिटले. नुसता अंधार. उठले नाही. तिथे बाबा नव्हते, हे आज माहीत होतं. म्हटलं, कोण आहे ते तरी बघू.