झाडाला सांगायचं नाव

२६ ऑक्टोबर
गुडघे पुन्हा सुजले! सुजेवर लाल फुलांच्या श्कनानची पानं परसात हाताशी आहेत, पण तोडणार कोण? आपल्यासाठी आपणच पान मागायचं नाही. घरच्या कुणीतरी झाडाला आजाऱ्याचं पूर्ण नाव सांगायचं, मग तोडायचं. चाळीस वर्षं माझं नाव फुल्हेन्सिओ सांगत आला. नवऱ्याकडे अख्खं गाव औषधाला यायचं, आणि पहिली रोगी घरातच! गेल्या मेमध्ये तो गेला. आता माझं नाव घ्यायला घरात कुणी नाही.

शेजारची सोकोरो कुंपणावरून — "अगं, तूच तोड ना गुपचूप! झाडाला काय कळतंय?"
"तुझ्यापेक्षा जास्त कळतं," म्हटलं. हसली मेली.

२७ ऑक्टोबर
नेयडीला फोन. "आई, गोळी घे ना. रविवारी येते." बापाच्या मातीला आली तेवढीच; त्यानंतर हा रविवार काही उजाडत नाही. मेरिदाला हॉटेलात कपडे धुते, रजा मिळत नाही म्हणे. एकुलती एक लेक!

१ नोव्हेंबर
आज गेलेली माणसं जेवायला येतात. फुल्हेन्सिओसाठी मातीत पुरून भाजलेली मक्याची जाड भाकरी मांडली, वर कोंबडी. त्याला म्हटलं, "आलाच आहेस तर पानं तेवढी तोडून जा!" मग रडूच आलं. तोमासा कनुल चान — माझं नाव किती सावकाश म्हणायचा! तेवढं ऐकायला कान आसुसलेत.

५ नोव्हेंबर
सूज तशीच. फोन नाही.

९ नोव्हेंबर
नेयडी आली!! न कळवता. किती वाळलीय पोर. "हॉटेलचं खाऊन खाऊन," म्हणाली, आणि भाकरी अर्धी टाकली. माझे पाय बघून म्हणते — "उद्यापासून तुझं नाव मी सांगते. आपल्याच भाषेत ना? अडखळेन हं." सकाळपर्यंत कसा धीर धरू!

१० नोव्हेंबर
दारातून पाहिलं — बाईसाहेब जास्वंदीपुढे! लाल फूल दिसलं की झालं. फुल्हेन्सिओची लेक, आणि जास्वंदीला औषध मागते! ओठ मात्र बराच वेळ हलत होते. तिनं उकळून दिलेल्या जास्वंदीच्या पाण्यात पाय बुडवून बसले. इतकी सुखात कित्येक महिन्यांत नव्हते.

११ नोव्हेंबर
नाव ऐकायचं म्हणून आज तिच्या मागे जाऊन उभी राहिले.
माझं नव्हतं. "नेयडी त्सुल कनुल," म्हणत होती. स्वतःचंच!
वळून बघितलं आणि रडायलाच लागली. "छातीत गाठ आहे, आई. सोमवारी ऑपरेशन. तुला सांगणार नव्हते."
हाताला धरून श्कनानपाशी नेलं. तिचं नाव मी सांगितलं.