लाईट धरणारी दुसरी

प्रिय ताई,

व्हिसा आला गं! मस्कतचा, कंपनीनेच काढलेला. पप्पांनी चष्मा लावून माझं नाव तीनदा वाचलं आणि चिकूच्या वाडीत निघून गेले. तू गेल्यापासून मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. राग होता म्हण. पण आता लिहायलाच हवं, कारण कंपनीने आधी एक नाही, दोन पासपोर्ट मागितले होते. दुसरा तुझा.

थांब, क्रमाने सांगते. तुला घाई कधी आवडली नाही.

२०१४ ची लग्नसराई आठवते? कैनाडला बायकांनी व्हिडिओवाल्याला हळदीच्या खोलीतून हाकललं होतं. "बायकांच्या हळदीत पुरुष माणूस कशाला?" तू तिथे नुसती पाहुणी. त्याच्या हातातला कॅमेरा घेतलास आणि सरळ आत गेलीस! तेव्हापासून चिखल्यापासून तलासरीपर्यंत बायकांच्या कार्यक्रमाला तुलाच बोलावणं. आणि मी तुझी लाईटवाली. चार वर्षं तो लाईटचा स्टँड धरून माझे हात भरून यायचे. "बारके, लाईट धर!" दिवसातून शंभरदा तुझं हेच. आई म्हणायची, हिचं लग्न त्या लाईटशीच लावून द्या.

तेराव्यानंतर तुझं कपाट आवरताना वही सापडली. परदेशात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या कंपन्यांची नावं, आणि प्रत्येकीपुढे तुझा शेरा: व्हिसा देते, देत नाही, हा दलाल. समासात लिहिलं होतंस, "जो आपल्यासाठी स्वतः व्हिसा काढून देतो त्याला माणूस हवं असतं. जो आपल्याला काढायला लावतो त्याला गिऱ्हाईक." मस्कतभोवती लाल गोल होता. तिथे लग्नात बायकांचं दालन वेगळं, आत पुरुषांना मज्जाव, म्हणून कॅमेरा चालवणाऱ्या बायका हव्यात. म्हणजे आपली कैनाडची हळदच, फक्त समुद्रापलीकडे.

मला का नाही सांगितलंस? एका खोलीत झोपायचो आपण! एकटीच जाणार होतीस? मग लाईट कोण धरणार होतं?

तुझा पासपोर्टसुद्धा तू गेल्यावर आला. आपल्या ओळखीचा पोस्टमन, खाली मान घालून आईच्या हातात देऊन गेला. आईने तो देव्हाऱ्यात ठेवलाय. रोज त्यालाही हळदकुंकू लागतं.

आता माझंही ऐक. तू तापाने फणफणली होतीस आणि मी उंबरगावच्या ऑर्डरला गेले. तूच पाठवलंस, हे खरं. पण मी खुशीत गेले ताई. पहिल्यांदा कॅमेरा एकटीच्या हातात येणार होता ना! दारात होते तेव्हा तू म्हणालीस, "लाईट धरायला कोणाला तरी ने." मी हो म्हटलं आणि कोणालाच नेलं नाही. परत आले तोवर तुला वापीच्या दवाखान्यात हलवलं होतं. त्यानंतर तू बोललीच नाहीस. तुझं शेवटचं वाक्य ते, आणि तेही मी ऐकलं नाही.

खिडकीकडच्या खाटेवरून लहानपणापासून आपली भांडणं. तू मोठी, म्हणून खिडकी तुझी, सुरूच्या बनातला वारा तुझा. तू गेल्यावर मी तिथे झोपायला लागले. पण सकाळी जाग येते ती भिंतीकडच्या खाटेवर! एकदा नाही, कितीदा. आई म्हणते, झोपेत तूच उठून जात असशील. असेन. पण खिडकीकडच्या खाटेवरची चादर जराही विस्कटलेली नसते.

मग दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. तुला हे माहीतच नाही. डहाणू-तलासरीत लोक घराबाहेर तंबूत राहू लागले. मांडणीवरची भांडी खणखणली की सगळे थबकायचे आणि मग पळायचे. तरी लग्नं थांबली नाहीत.

मस्कतच्या त्या कंपनीच्या मॅडमना मी माझ्या नावाने अर्ज केला होता. त्यांनी अट घातली: बायकांच्या एका कार्यक्रमाचं सगळं शूटिंग पाठव, जसं आहे तसं, काटछाट नको. त्याच आठवड्यात तलासरीला एका मास्तरांच्या मुलीची हळद होती. दुपारची वेळ, बारकी खोली, दहा-बारा बायका. कॅमेरा स्टँडवर लावून मी मागे उभी. मोठी लाईट नवरीच्या डोक्यावर तिरकी केलेली आणि धरायला कोणी नाही. गाणी रंगात आली होती. का कोण जाणे, मी पुढे झाले आणि लाईटचा स्टँड धरला.

आणि जमीन हलली! बायका किंचाळत बाहेर पळाल्या. नवरीही उठली, तर तिच्या आत्याने तिचं मनगट पकडलं. "हळदीची पोर उंबऱ्याबाहेर नाय जायची! बस तू, मी हाय." हळद उतरेपर्यंत नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो ना! त्या दोघी तिथेच बसल्या, पिवळ्या हातांनी एकमेकींना धरून. मग मी तरी कशी जाणार? तापलेली लाईट माझ्या हातात ओढ घेत होती. सोडली असती तर थेट तिच्या डोक्यावर पडली असती.

थांबलं सगळं. बायका हसत, रडत आत आल्या, गाणं पुन्हा सुरू झालं. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि त्यातलं सगळं नेटवरून मस्कतला पाठवून दिलं. ऐकलं मात्र नाही. आपल्या धंद्यात मूळ आवाज कोण ऐकतं? तो बंद करायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. तूच शिकवलंस.

मॅडमचा मेल आला. काम पसंत आहे, नवरी आणि आत्याचं दृश्य फार आवडलं. "पण कॅमेऱ्यामागून तुला सांगणारी दुसरी कोण? भाषा कळली नाही, पण ती जास्त अनुभवी वाटते. आम्हाला दोघी हव्यात. दोघींचे पासपोर्ट पाठव."

कोण दुसरी? मी हेडफोन लावले. गाणी, हसणं, बांगड्या. आणि मग अगदी माइकजवळ, दबक्या आवाजात: "बारके, लाईट धर."

त्यानंतर माझा हात कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो. त्यानंतर जमीन हलते. आधी नाही ताई, त्यानंतर! त्या घरात मला बारकी म्हणणारं कोणीही नव्हतं.

मी हेडफोन आईच्या कानाला लावले. वाटलं, किंचाळेल. ती डाळ निवडत होती. ऐकलं आणि म्हणाली, "तायडीच ती. देव्हाऱ्यातला पासपोर्ट काढू का?"

मी आईवर ओरडले. मग खूप रडले. मला भीती कसली वाटली सांगू? तुझी नाही. सगळ्या जगाला तू ऐकू येतेस, मस्कतच्या परक्या बाईलासुद्धा, आणि त्या खोलीत तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी असलेल्या मला नाही! तू गेल्यानंतर मी केलेल्या बाकीच्या कामांची कार्डं ड्रॉवरमध्ये आहेत. रानशेतचं बारसं, घोलवडचं डोहाळजेवण. त्यांचा आवाज अजून ऐकलेला नाही. हिंमत होत नाही.

मॅडमना काय कळवायचं? आवाज कुणा मैत्रिणीचा आहे, ती यायला तयार नाही, असं लिहिता आलं असतं. खरं लिहिलं तर ही मुलगी वेडी आहे म्हणून नोकरी जाणार. तुझ्या वहीतला तो लाल गोल माझ्या हाताने पुसला जाणार. पण तू माझ्यासोबत नव्हतीस असं खोटं लिहायला हात धजेना. लिहून टाकलं: ती माझी मोठी बहीण. गणपतीच्या आधी वारली. आवाज तिचाच आहे. हे कसं, ते मला ठाऊक नाही.

पाच दिवस काही नाही. वाटलं, संपलं. मग आज व्हिसा आणि खाली मॅडमच्या चार ओळी. "व्हिसा एकीचाच निघतो, तो काढला आहे. खोली मात्र दोघींची आधीच ठरवली होती, दोन खाटांची. ती बदललेली नाही. दुसरीवर कोणाला ठेवणार नाही."

मी दोनदा वाचलं आणि बॅग भरायला घेतली. तुझी वही, ती कार्डं, लाईटचा स्टँड. आईने तुझा पासपोर्ट माझ्या पासपोर्टात सरकवून ठेवला. मी तो काढला नाही.

तिथे मी लाईट धरायला बाई मागून घेईन, तुझं शेवटचं सांगणं एवढं तरी ऐकेन. आणि ताई, खिडकीकडच्या खाटेवर तुझी चादर घालीन. मी भिंतीकडे झोपेन, आपणहून. या वेळी भांडणार नाही, वचन.

तुझी लाईटवाली,
बारकी