आईच्या इरकलचा किल्ट

ग्लासगो, रविवार संध्याकाळ

तुमच्या घराण्याची चौकडी कोणती? काल किल्ट शिवायचं सामान आणायला गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं; इथे प्रत्येक घराण्याच्या किल्टची चौकडी ठरलेली असते. आईच्या लुगड्याचा शिवणार म्हटल्यावर म्हणाला, "सुती कापडाच्या चुण्या नीट पडणार नाहीत, जड लोकरच घ्या." मी फक्त चामड्याचे पट्टे, बकलं आणि कमरेसाठी कॅनव्हास घेतलं. वजनासाठी आतून जाड अस्तर लावीन. कापड घरात आहे. आईचं चौकड्यांचं नऊवारी इरकल, लाल काठाचं. इथे आल्यापासून ती ते एकदाही नेसलेली नाही.

किल्टला खाली दुमड नसते, कापडाची मूळ कडच गुडघ्याशी येते. म्हणजे लाल काठ अख्खा दिसणार!

आईला कौतुक नाही. "घरातली पहिली पदवी घ्यायला जाणार, ती पुरुषांचा घागरा घालून?"

"घागरा नाही गं तो!"

"मग लुगडंच नेसून जा. मी नेसवते."

पण मग इथे जन्मलेली मी त्यात कुठे दिसणार? दोन्ही माझंच आहे. यात चूक काय?

ती नको म्हणत नाही, फक्त दिवस काढते. काल शनिवार, कात्री लावू नये. आज अमावस्या. उद्याही काहीतरी निघालंच असतं.

म्हणून चहा झाल्यावर तिच्यासमोरच लुगडं जमिनीवर पसरलं आणि एका लाल काठासकट कमरेपासून गुडघ्याएवढ्या रुंदीची पट्टी लांबीभर कापून काढली, पार शेवटपर्यंत. आई सगळा वेळ कुरकुरत होती. पण कापड सरकू नये म्हणून दुसरं टोक तिनेच ताणून धरलं.